परदेशी शिक्षण आणि बँकेचे खाते

उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला निघालेल्या विद्यार्थ्यांनो, व्हिसा व वसतिगृह यांच्याइतकाच विचार बँक खात्याचाही करा. ज्या खात्यातून रोजची भाकरी घ्यायची, ते हलाल-हरामच्या कक्षेबाहेर कसे राहील? दिव्य कुरआनने (सूरह अल्-बकरा, आयत 275) व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे.

पहिली गोष्ट खात्याच्या प्रकाराची. बचत खात्यावर व्याज जमा होते. पुष्कळ चालू खात्यांवर ते मिळत नाही आणि दैनंदिन व्यवहारास असे खाते पुरते. चुकून व्याज आलेच, तर ते स्वतः न वापरता, सवाबची अपेक्षा न धरता गरजूंना द्यावे, असे अनेक उलेमा सांगतात.

दुसरी गोष्ट ओव्हरड्राफ्टची. शिल्लक नसतानाही पैसे काढू देणारी ही सवलत म्हणजे बहुधा व्याजी कर्जच होय. खाते उघडतानाच ती नाकारा.

तिसरी गोष्ट अमानतीची. ‘माझी रक्कम तुझ्या खात्यातून जाऊ दे, थोडा वाटा तुझा’ असे कोणी म्हटल्यास स्पष्ट नकार द्या. अशा रकमेमागे बहुधा कोणाची तरी फसवणूक असते. ब्रिटनमध्ये या गुन्ह्यास 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्लाहपुढील जाब तर वेगळाच.

पालकांनो, चणचणीच्या वेळीच मोह जवळचा वाटतो. म्हणून अडचण घरी कळविण्यास मुलांना संकोच वाटणार नाही, असे नाते ठेवा. अल्लाह त्यांच्या ज्ञानात व उपजीविकेत बरकत देवो. आमीन.