रिसीव्हरसाठी पत्रा निवडताना

फैजपूरच्या जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलला असाल किंवा जळगाव एमआयडीसीतून टाकी बनवून घेणार असाल, तर हे गणित फॅब्रिकेटरकडे जाण्याआधी मांडा. हवेचा रिसीव्हर धरू : आतला व्यास १००० मिमी, शेलची लांबी २ मीटर, दाब १० बार म्हणजे १ मेगापास्कल. पत्रे दोन : एसए ५१६ ग्रेड ७० कार्बन स्टील आणि ३०४ एल स्टेनलेस.

आधी ताकद. तुटण्याचा किमान ताण दोघांचाही ४८५ मेगापास्कल. तेवढ्यावरून दोन्ही सारखेच समजलात, तर फसाल. ३०४ एल १७० लाच कायमचं ताणलं जातं, ५१६ मात्र २६० पर्यंत तग धरतं. म्हणून एएसएमईच्या तक्त्यातला अनुज्ञेय ताणच घ्या : ४० अंशांपर्यंत ५१६ साठी १३८, ३०४ एलसाठी ११५. टाकी खानदेशातल्या मे महिन्यात उघड्यावर राहणार असेल, तर पत्रा याहून बराच तापतो. त्या तापमानाचा आकडा वेगळा पाहा.

आता जाडी. दाब गुणिले त्रिज्या, भागिले (ताण गुणिले जोडाची कार्यक्षमता, वजा दाबाच्या ०.६ पट). स्पॉट रेडिओग्राफी केली तर कार्यक्षमता ०.८५. उत्तर : ५१६ ला ४.२८ मिमी, ३०४ एलला ५.१५. कार्बन स्टीलला गंजासाठी १.५ मिमी वाढवा, झाले ५.७८. बाजारात ५.७८ चा पत्रा मिळत नाही, ५.१५ चाही नाही. दोन्हीकडे ६ मिमीच घ्यावा लागतो! शेलचं वजन २९८ आणि ३०१ किलो. ताकदीची चर्चा इथेच संपली. उरला फक्त किलोचा भाव.

दोन्ही पत्र्यांचं कोटेशन एकाच दिवशी, टेस्ट सर्टिफिकेटसह मागवा. स्टेनलेसमध्ये आर्गॉन वेल्डिंग आणि पिकलिंग धरा, रंगाचा खर्च वजा करा.

एक्स-रेचे पैसे वाचवायचा मोह मात्र टाळा. रेडिओग्राफी नसेल तर कार्यक्षमता ०.७, ५१६ ची जाडी गंजासकट ६.७१ होते, पत्रा ८ मिमीचा लागतो आणि शेल ३९८ किलोवर जातं. वाचवलेले पैसे या जादा १०० किलोंसमोर ठेवून बघा.

वर्कशॉपच्या हवेसाठी मी ५१६ च घेईन, फक्त तळाचं पाणी रोज काढायचं. केळीच्या पल्पसाठी स्टेनलेस. तिथे भाव बघत बसू नये. चाचणी १३ बारला, पाण्याने. हवेने कधीच नाही.