येझदीचा सायलेन्सर 'मोकळा' करण्याआधी

जुनी जावा किंवा येझदी हातात आली की पहिला सल्ला ठरलेला : "सायलेन्सरच्या आतली नळी काढून टाक, मग आवाज बघ!" आवाज येतो हे खरं. पण पॉवर वाढते का? गणितच करू.

म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ ते १९९६ या काळात या गाड्या बनवल्या. २५० सीसीच्या येझदीला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन! इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे एक्झॉस्टला व्हॉल्व्ह नाही. पोर्ट उघडा असताना धुरामागोमाग ताजं मिक्श्चरही बाहेर निसटतं. त्याला परत आत ढकलते ती सायलेन्सरच्या टोकाकडून उलटून येणारी दाबाची लाट.

समजा, ५००० आरपीएम. एक फेरा १२ मिलिसेकंदांचा. पोर्ट १५० अंश उघडा, म्हणजे ५ मिलिसेकंद. गरम वायूत लाटेचा वेग ५०० मीटर प्रतिसेकंद धरला तर ती २.५ मीटर जाते. हे अंतर जाऊन-येऊन, म्हणून लांबी हवी सव्वा मीटर. पाइप कापला तर लाट चुकीच्या वेळी येते. टोक मोकळं केलं तर ती कमजोर पडते. मिक्श्चर वाया, ॲव्हरेज खाली, पिकअप ढिला.

मग करायचं काय? नळी जरूर काढा, पण साफ करायला! ऑइलच्या कार्बनने तिची भोकं बुजतात आणि गाडी ओढत नाही. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवा (हातमोजे आणि गॉगल हवेतच), धुवा आणि परत बसवा. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहेच.

आता टेप घ्या आणि आपल्या गाडीचा पाइप मोजून बघा.