घटक ४ : सोसणे, तगणे, झेपणे – तरुणांच्या कष्टानुभवाची भाषा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• कष्ट आणि ताण व्यक्त करणाऱ्या मराठी क्रियापदांतील अर्थभेद सांगता येईल.
• 'मला ताण आला' आणि 'मी दिवस काढतो' या वाक्यरचनांतील फरक स्पष्ट करता येईल.
• 'सोसवत नाही', 'झेपत नाही' यांसारख्या प्रयोगांचे सामाजिक महत्त्व विशद करता येईल.
• तरुणांच्या तग धरण्यामागे असलेला सभोवतालच्या आधाराचा वाटा उदाहरणांनी दाखवता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण भाषा आणि समाजव्यवहार यांच्या संबंधाचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्याच संबंधाचा एक विशिष्ट भाग आपण अभ्यासणार आहोत. तरुण माणूस हलाखी आणि तीव्र ताण कसा सोसतो, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा मानला जातो. परंतु ताण सोसणारा तरुण तो कोणत्या शब्दांत सांगतो आणि वडीलधारी माणसे त्याला कोणत्या शब्दांत उत्तर देतात, यावर त्याचे पुढे काय होते हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न भाषाभ्यासकाचाही आहे.

या घटकातील भाषिक उदाहरणे जालना शहरातील मस्तगड हा जुन्या किल्ल्याचा परिसर आणि जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या तालुक्यांत नित्य कानावर पडणाऱ्या बोलण्यातून घेतली आहेत. तुमच्या स्वतःच्या गावातील बोलण्याशी ती ताडून पाहावीत, अशी अपेक्षा आहे.

४.२ विषय विवेचन

४.२.१ सामाजिक पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. अवर्षण हा या भागाचा जुना अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळात शिकत्या वयाची अनेक मुले-मुली आईवडिलांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. मोसंबीची बाग अनेक वर्षे जपल्यावर फळाला येते. ती तोडावी लागणे म्हणजे एका हंगामाचे नव्हे, तर पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न जाणे होय. ज्या घरातील मुलगा वा मुलगी शहरात शिकत होती, त्या घरात बाग म्हणजेच महाविद्यालयाचे शुल्क आणि खानावळीचे पैसे होते.

दुसरा ताण स्थलांतराचा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडणारी कुटुंबे पाडव्याच्या आगेमागे परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. परिणामी मुलांना शाळा आणि कुटुंब यांपैकी एकाची निवड करावी लागते. तिसरा ताण स्पर्धा परीक्षांचा आहे. अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसणारा तरुण आपले वय वर्षांत मोजत नाही, तो ते 'अटेम्प्ट'मध्ये मोजतो. घरची जमीन, वडिलांचे कर्ज आणि बहिणीचे लग्न या सर्वांचा हिशोब त्याच्या एका निकालाशी बांधलेला असतो.

४.२.२ व्यवसायातील शब्द : उचल, कोयता, खाडा

ऊसतोडीच्या व्यवसायातील तीन शब्द पाहू. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला 'उचल' म्हणतात. पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. कामावर न गेल्यास होणाऱ्या दंडवजा कपातीला 'खाडा' म्हणतात.

'कोयता' या शब्दात हत्याराचे नाव माणसांना दिले गेले आहे. साहित्यशास्त्रात आपण यास लक्षणा म्हणतो. मात्र येथे लक्षणा अलंकरणासाठी आलेली नसून ती हिशोबाची परिभाषा आहे. 'कोयता' पूर्ण होण्यासाठी जोडी लागते आणि मुलींच्या लवकर होणाऱ्या विवाहांमागील एक कारण या हिशोबातही आहे. 'खाडा' या शब्दात आजारपण, पाळी, बाळंतपण किंवा थकवा यांत भेद करण्याची सोय नाही. कारण कोणतेही असो, शब्द एकच राहतो. जी परिभाषा थकव्याची नोंदच करत नाही, तिच्यात वाढणारा तरुण थकवा बोलून दाखवायला सहजासहजी शिकत नाही.

४.२.३ सहनशीलतेची क्रियापदे

कष्टानुभव सांगण्यासाठी मराठीत अनेक क्रियापदे आहेत. त्यांचे अर्थ जवळचे असले तरी एकच नाहीत.

(अ) सोसणे : 'ऊन सोसले', 'बोलणे सोसले'. नको असलेली गोष्ट अंगावर घेणे हा येथील अर्थ होय. ती केव्हा संपेल, याची सूचना या क्रियापदात नाही.
(आ) काढणे : 'दिवस काढले', 'साल काढले'. येथे कर्म काळवाचक आहे. काळ मोजता येतो, म्हणून या प्रयोगात शेवटाची आशा असते.
(इ) पेलणे : 'जबाबदारी पेलली'. भार आणि तो तोलण्याचे बळ, दोन्ही यात गृहीत आहेत.
(ई) तगणे : 'रोप तगले', 'बाग तगली'. हे क्रियापद अकर्मक असून शेतीच्या व्यवहारात ते विशेष रुळलेले आहे.

यांपैकी 'तगणे' हे क्रियापद आपल्या विवेचनासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. 'दोन पाणी मिळाली तर बाग तगेल,' असे शेतकरी म्हणतो. झाडाच्या चिवटपणाची तो स्तुती करत बसत नाही, त्याला किती पाणी मिळाले हे तो पाहतो. तगण्याचा विचार करताना 'कशावर तगले?' हा प्रश्न ओघानेच येतो.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विसरतो. 'सोसणे' या क्रियापदापासून 'सोशिक' हे विशेषण बनले आणि ते गौरवाचे ठरले. 'पोरगी सोशिक आहे' हे वाक्य स्थळ सुचवताना आजही गुण म्हणून उच्चारले जाते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हणही आपण तरुणांना सहज ऐकवतो. या म्हणीत देव झालेल्या दगडाचा उल्लेख आहे, घाव बसताना तडकलेल्या दगडांची मोजदाद नाही.

४.२.४ वाक्यरचना आणि कर्तृत्व

पुढील वाक्ये पाहा :
(१) मला ताण आला.
(२) तिला चिंता लागली.
(३) मी दिवस काढतो.
(४) ती घर पेलते.

वाक्य (१) व (२) मध्ये क्रियापद 'ताण' आणि 'चिंता' यांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. अनुभव घेणारी व्यक्ती '-ला' हा प्रत्यय घेऊन येते. ती येथे अनुभवक आहे, क्रिया घडवणारी नाही. वाक्य (३) व (४) मध्ये क्रियापद व्यक्तीप्रमाणे चालते आणि व्यक्ती कर्ता ठरते. म्हणजे ताण माणसाकडे येतो, पण तो निभावून नेण्याचे काम माणूस करतो, असे चित्र मराठी रचना उभे करते.

या चित्रात एक उणीवही आहे. 'वाईट दिवस आले' असे म्हटले की ते कोणी आणले, हा प्रश्न उरत नाही. 'तिने सोसले' आणि 'तिला सोसायला लावले' ही वाक्ये एकाच घटनेविषयी असू शकतात. दुसऱ्या वाक्यातील प्रयोजक अर्थामुळे 'कोणी?' हा प्रश्न अपरिहार्य होतो. कष्टानुभवाचे लेखन वाचताना लेखक यांपैकी कोणती रचना निवडतो, हे आवर्जून पाहावे.

४.२.५ शक्य क्रियापद : 'सोसवत नाही'

मूळ धातूला '-व-' जोडून मराठीत शक्य क्रियापद तयार होते. 'त्याला आता चालवते', 'आजीच्याने जिना चढवत नाही' ही त्याची परिचित उदाहरणे होत. 'मला सोसवत नाही', 'तिच्याने बघवेना' हे प्रयोगही याच प्रकारचे आहेत. 'झेपणे' या क्रियापदाचा अर्थही याच अंगाने जातो. 'हे काम मला झेपत नाही' या वाक्यात 'काम' हा कर्ता आहे आणि बोलणारी व्यक्ती '-ला' प्रत्ययाने येते. भार आणि ताकद यांचे प्रमाण जुळत नाही, एवढेच हे वाक्य सांगते. त्यात कबुली नाही आणि दोषारोपही नाही.

याउलट परीक्षेत अपयश आलेला तरुण बहुधा 'मी कमी पडलो' असे म्हणतो. येथे संपूर्ण वाक्याचा भार 'मी' या एका शब्दावर येतो. शेकड्यांनी जागा आणि लाखांनी उमेदवार असतील तर बहुसंख्यांची निवड न होणे हे गणिताने ठरलेले असते. तरीही वाक्यरचना तो दोष एकट्याच्या पदरी घालते.

'झेपत नाही' असे एखाद्या मुलाने म्हटले की 'आम्ही नाही का काढले दिवस?' असे उत्तर घरातून येते. हे उत्तर मायेपोटीच दिलेले असते, परंतु त्यामुळे बोलणारा गप्प होतो. जे वाक्य भाषेने दोषमुक्त ठेवले, ते आपण लाजेचे करून टाकले आहे. या घटकाचे मुख्य प्रतिपादन असे की, 'झेपत नाही' हे वाक्य सहनशीलतेच्या विरुद्ध नसून तिचाच आवश्यक भाग आहे.

४.२.६ ऐकणारा माणूस

या प्रतिपादनाला अन्यत्र झालेल्या अभ्यासाचा आधार मिळतो. हवाई बेटसमूहातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. गंभीर प्रतिकूलतेत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ आणि जबाबदार प्रौढ झाली. विश्वासाचे किमान एक मोठे माणूस त्यांना लाभले होते, हा त्यांच्या बाबतीतील एक ठळक समान दुवा होता. कधी ते आजी-आजोबा होते, तर कधी शेजारी किंवा शिक्षक.

मराठवाड्याच्या साहित्यातही याची साक्ष मिळते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) या आत्मकथनात बहिणीच्या आश्रयाने वाढलेला पोरका मुलगा भूक आणि अस्पृश्यता यांना तोंड देत शिकतो. हे आत्मकथन केवळ जिद्दीची कथा म्हणून वाचणे अपुरे आहे. त्या काळातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांमागे वसतिगृहे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयासारख्या संस्था होत्या. जिद्द होतीच, परंतु तिला मुळे धरायला माती मिळाली. आज साखरशाळा आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे हेच काम करतात.

येथे एक मर्यादाही लक्षात घ्यावी. केवळ बोलल्याने पाऊस पडत नाही आणि उचल फिटत नाही. ऐकणाऱ्याच्या हातात काही असावे लागते : शुल्कमाफी, निवारा, किंवा निदान चार दिवसांची उसंत. तथापि, जे बोललेच गेले नाही त्यावर कोणतीही मदत पोहोचत नाही. जवळचे कोणी ऐकणारे नसेल तर १४४१६ या क्रमांकावरील 'टेलि-मानस' ही ऑक्टोबर २०२२ पासूनची शासकीय मोफत दूरध्वनी सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) 'सोसणे' आणि 'काढणे' यांतील मुख्य अर्थभेद कोणता?
(२) 'हे काम मला झेपत नाही' या वाक्यातील कर्ता ओळखा.
(३) 'एक कोयता' या प्रयोगात कोणती शब्दशक्ती आढळते?

४.३ सारांश

तरुणांचा कष्टानुभव व्यक्त करणाऱ्या क्रियापदांत सूक्ष्म अर्थभेद आहेत. 'सोसणे' सोसणाऱ्याकडे पाहते, तर 'तगणे' आधाराकडे लक्ष वेधते. '-ला' प्रत्यय घेणारी अनुभवकरचना आणि शक्य क्रियापद यांमुळे असमर्थता दोषाविना सांगता येते. 'सोशिक' या गौरवाने हा मार्ग अरुंद केला आहे. ताण निभावून नेणे हा एकट्या व्यक्तीचा गुण नसून ते सांगणारा, ऐकणारा आणि आधार देणारी व्यवस्था यांचे संयुक्त कार्य आहे.

४.४ शब्दार्थ

अनुभवक – मानसिक वा शारीरिक स्थितीचा अनुभव घेणारी व्यक्ती.
उचल – मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम.
उसंत – विश्रांती, सवड.
तगणे – टिकून राहणे, जगणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(१) 'सोसणे'मध्ये शेवटाची सूचना नाही. 'काढणे'मध्ये कर्म काळवाचक असल्याने ती असते.
(२) काम.
(३) लक्षणा.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) "'झेपत नाही' हे वाक्य सहनशीलतेचा भाग आहे." या विधानाची चर्चा करा.
(२) तुम्ही वाचलेल्या एखाद्या आत्मकथनातील कष्टानुभवाची क्रियापदे शोधून त्यांचे वर्गीकरण करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरातील किंवा परिसरातील एका तरुणाशी त्याच्या अभ्यासाविषयी वा कामाविषयी त्याच्या संमतीने बोला. मध्ये सल्ला देऊ नका आणि स्वतःच्या कष्टांशी तुलना करू नका. त्याने वापरलेली क्रियापदे नोंदवा आणि तो कशावर तगून आहे, हे दहा ओळींत लिहा.