रासायनिक मिश्रणांची सुरक्षा-माहिती : युरोपचा कायदा आणि आपले सुरत

सुरत म्हटले की बाहेरच्या माणसाला साडी आणि हिरा आठवतो. या शहरात दवाखाना चालवणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र त्या साडीमागची डाइंग-प्रिंटिंग मिलही आठवावी लागते. पांडेसरा, सचिन, कडोदरा या पट्ट्यातील मिलांमध्ये ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांबरोबर लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत स्थिरावलेली आपली खानदेशी माणसेही काम करतात. त्यांपैकी कोणी लाल डोळे, हातावरची चट्टे पडलेली कातडी किंवा न थांबणारा खोकला घेऊन माझ्यासमोर बसतो, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "काम कशावर करता?" उत्तर ठरलेले असते, "साहेब, केमिकलवर." फार खोदून विचारले तर ड्रमवरचे व्यापारी नाव कळते. त्या नावावरून आत आम्ल आहे, अल्कली आहे की द्रावक, याचा काहीच बोध होत नाही.

माहिती नसते असे नाही. ती कोठेतरी असते. ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हा अडसर दूर करण्यासाठी युरोपातील देशांनी गेल्या दोन दशकांत एक पद्धतशीर व्यवस्था उभी केली आहे. तिची ओळख करून देणे आणि तिच्यातील आपल्या उपयोगाचे काय आहे ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मिश्रणाची अडचण

शुद्ध रसायनाविषयी पुस्तकात वाचता येते. पण मिलमध्ये शुद्ध रसायने थोडी आणि मिश्रणे फार. रंग सारखा बसावा, फेस येऊ नये, कापड मऊ पडावे, अशा प्रत्येक कामासाठी तयार द्रावणे येतात आणि त्यांत चार-पाच घटक सहज असतात. एका घटकाने कातडी भाजते, दुसऱ्याच्या वाफेने घसा धरतो, तिसऱ्याची ॲलर्जी येते. प्रत्येक घटकासाठी घ्यावयाची काळजी वेगळी. मग त्या सर्वांच्या मिश्रणासाठी कोणती काळजी घ्यायची?

यात आणखी एक भर आहे. काही मिश्रणे कारखान्यातच तयार होतात. पॉलिएस्टर रंगवल्यावर वरचा सुटा रंग काढण्यासाठी गरम पाण्यात कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे मिलच्या बोलीतला 'हायड्रोस', एकत्र करतात. दोन्ही पोत्यांवर आपापल्या सूचना असल्या, तरी त्या द्रावणाविषयीची सूचना कोणत्याच पोत्यावर नसते.

युरोपची रीत

युरोपीय संघाचा 'रीच' हा कायदा, क्रमांक १९०७/२००६, १ जून २००७ पासून अमलात आला. वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक प्रमाणात बनणाऱ्या अथवा आयात होणाऱ्या रसायनाची नोंदणी हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे करावी लागते. ते सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर नसून उत्पादकावर आहे, हे या कायद्याचे मुख्य सूत्र. दहा टनांपासून पुढे, आणि रसायन धोकादायक ठरल्यास, ते कोणत्या कामासाठी, किती वेळ, कशा वायुवीजनात आणि कोणते हातमोजे घालून वापरले तर इजा होणार नाही, याचे वर्णनही उत्पादकाने करावयाचे असते. धोक्याचे वर्गीकरण आणि लेबल यांसाठी 'सीएलपी' हा दुसरा कायदा, क्रमांक १२७२/२००८, आहे. लाल कडेच्या चौकटीतील काळी चिन्हे त्याच कायद्याची; मिश्रणांवर ती १ जून २०१५ पासून सक्तीची झाली.

धोकादायक मालाबरोबर सोळा विभागांचे सुरक्षा-पत्रक, म्हणजे 'सेफ्टी डेटा शीट', द्यावे लागते आणि तेही माल ज्या देशात विकला जातो त्या देशाच्या अधिकृत भाषेत. शिवाय आपण वापरत असलेल्या रसायनाची ही माहिती पाहण्याचा हक्क कायद्याने कामगाराला दिला आहे.

तथापि अंमलबजावणी सुरू झाल्यावर एक पेच उभा राहिला. पाच घटकांचे मिश्रण बनवणाऱ्याच्या हाती पाच घटकांचे पाच जाडजूड कागदपत्रांचे संच पडले. ते जसेच्या तसे पुढे धाडले, तर छोट्या कारखान्यातील माणूस ते वाचणार कधी आणि त्यांतून आपल्या कामाचे निवडणार कसे? म्हणून मिश्रण बनवणाऱ्यानेच ही माहिती एकत्र करावी, अशी रीत पडली. ती घटकांची वर्णने जोडून देता येते, पत्रकाच्या मूळ विभागांत मिसळून देता येते, किंवा मिश्रणाच्या सुरक्षित वापराचे एक छोटे स्वतंत्र पत्रक जोडून देता येते.

ही माहिती तयार करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली घटकांकडून निघते. मिश्रणातील सर्वांत अधिक धोक्याचा घटक कोणता, हे श्वास, कातडी आणि डोळे अशा प्रत्येक मार्गासाठी निरनिराळे ठरवायचे. त्या प्रमुख घटकाला पुरेल एवढी काळजी घेतली, की बाकीच्यांचीही काळजी घेतली जाते. समजा, एका द्रावणात ॲसेटिक ॲसिड, एक उडून जाणारा द्रावक आणि साबणासारखा पदार्थ आहे. डोळे आणि कातडीसाठी आम्ल प्रमुख ठरेल, श्वासासाठी द्रावक. म्हणजे हातमोजे आणि चष्मा आम्लाकडे पाहून ठरवायचे, पंखा द्रावकाकडे पाहून.

दुसरी वाट कामाकडून निघते. रंग, डिंक, धुलाईची द्रव्ये बनवणाऱ्या उद्योगांच्या संघटनांनी आपापल्या क्षेत्रातील नेहमीच्या कामांची यादी केली : ब्रशने लावणे, फवारणे, ड्रममधून ओतणे, यंत्र धुणे. प्रत्येक काम प्रत्यक्षात किती वेळ चालते आणि कशा जागेत होते, हे नोंदवले. त्या परिस्थितीत मिश्रणातील घटक सुरक्षित मर्यादेत राहतात का, हे पडताळले आणि मग साध्या वाक्यांचे एक-दोन पानी पत्रक तयार केले. त्याला तेथे 'सुमी' असे आद्याक्षरी नाव आहे. मला ही वाट अधिक भावते, कारण तिची सुरुवात कामगाराच्या हातापासून होते.

डॉक्टरांसाठी सोय

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद सीएलपी कायद्याच्या आठव्या परिशिष्टात आहे. आरोग्याला धोकादायक मिश्रणाच्या वेष्टनावर सोळा अक्षरांकांचा एक संकेत छापावा लागतो आणि मिश्रणाची घटकवार माहिती त्या देशाच्या नियुक्त यंत्रणेकडे आधीच सादर करावी लागते. घरगुती व व्यावसायिक वापराच्या नव्या मालासाठी हे १ जानेवारी २०२१ पासून आणि औद्योगिक मालासाठी १ जानेवारी २०२४ पासून लागू झाले. रुग्ण आला की डॉक्टरने विषबाधा केंद्राला तो संकेत सांगायचा. केंद्र नेमक्या मिश्रणाविषयी सल्ला देते. उत्पादकाचे व्यापारी गुपित बाजारात उघडे पडत नाही आणि रुग्णाच्या उपचारातही ते आड येत नाही. गुपित आणि उपचार यांचा हा जुना तंटा इतक्या साध्या रीतीने मिटू शकतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडची स्थिती

या माहितीच्या अभावाची किंमत भारताइतकी कोणत्या देशाने मोजली असेल? १९८४ च्या डिसेंबरमध्ये, २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री, भोपाळच्या रुग्णालयांत माणसांचे लोंढे आले, तेव्हा वायूत नेमके काय आहे आणि त्यावर उपाय कोणता, याची विश्वासार्ह माहिती तेथील डॉक्टरांना वेळेवर मिळाली नाही. सोडियम थायोसल्फेट द्यावे की न द्यावे, यावर पुढे दीर्घ वाद चालला. त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन मालकांवर आले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांत सुरक्षा-पत्रकाचा नमुनाही दिला गेला. म्हणजे पत्रकाची कल्पना आपल्याला नवी नाही.

सुरतकरांना ६ जानेवारी २०२२ ची पहाट आठवत असेल. सचिन जीआयडीसीमध्ये एका टँकरमधून रासायनिक कचरा बेकायदा नाल्यात सोडला जात असता विषारी वायू निर्माण झाला. शेजारच्या मिलमधील सहा कामगार मृत्युमुखी पडले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले. नाल्यात काय वाहत आहे आणि त्यात काय ओतले जात आहे, हे झोपेत असलेल्या कामगारांना कळण्याचा काही मार्गच नव्हता. सल्फाइड आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड निघतो. प्रमाण वाढले की त्याचा वासही येईनासा होतो आणि वाचवायला धावलेला माणूसच आधी कोसळतो. कोणते रसायन कशाजवळ नेऊ नये, हे सुरक्षा-पत्रकाच्या दहाव्या विभागात आणि त्याची विल्हेवाट कशी लावावी, हे तेराव्या विभागात लिहिलेले असते. ते वाचून पाळले जाते का, हा खरा प्रश्न.

युरोपचे नियम आपल्याला दूरचे वाटतात, पण ते येथवर पोहोचलेले आहेत. कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ साली निर्बंध आणले, २००२ साली ते युरोपीय संघाने स्वीकारले आणि गुजरातच्या रंग उद्योगाला आपल्या मालाची यादी बदलावी लागली. निर्यात होणाऱ्या ड्रमबरोबर आज जर्मन किंवा पोलिश भाषेतील पत्रक जाते. त्याच मालाचा ड्रम येथे उघडणाऱ्या माणसाला मराठी, हिंदी वा ओडियात एक पानही मिळू नये, यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. ज्ञान तेच, कागद तोच. फक्त भाषांतर आणि इच्छा हवी.

आपण काय करू शकतो

प्रथम, रुग्णाला "पत्रक किंवा लेबलाचा फोटो आणा" असे सांगण्याची सवय आपण लावून घ्यावी. आता मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. पत्रक हाती आले की दुसऱ्या विभागात धोके, तिसऱ्यात घटक, चौथ्यात प्रथमोपचार आणि अकराव्यात शरीरावरील परिणाम पाहावेत. पहिल्या विभागात आपत्कालीन दूरध्वनी असतो.

दुसरे, धोक्याचे चार संकेत तोंडपाठ असावेत. एच ३१४ म्हणजे कातडी व डोळ्यांना गंभीर दाह. एच ३१७ म्हणजे कातडीची ॲलर्जी. एच ३३४ म्हणजे श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा त्रास. एच ३५० म्हणजे कर्करोगाची शक्यता. काही रिॲक्टिव्ह रंगांच्या भुकटीवर एच ३३४ आढळतो. दमा सुट्टीच्या दिवशी कमी आणि कामाच्या दिवशी अधिक होत असेल, तर इनहेलर लिहून देण्याबरोबर रंगाच्या ड्रमवरील हा संकेतही पाहावा.

तिसरे, आपल्या संस्थेने मिलमालक आणि कामगार यांच्या सहकार्याने नेहमीच्या दहा-बारा कामांची एक-पानी पत्रके तयार करावीत. वर उल्लेखिलेल्या हायड्रोस-कॉस्टिकच्या कामाचे पत्रक पुढीलप्रमाणे असू शकेल :

"हायड्रोसचा डबा कोरडा आणि बंद ठेवा. ओले भांडे आत घालू नका. थोडेसे पाणी लागले तरी हायड्रोस तापून पेट घेतो. ॲसिडजवळ ठेवू नका. कॉस्टिक हळूहळू पाण्यात घाला, पाणी कॉस्टिकवर ओतू नका. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. जळत्या गंधकासारखा वास आला तर बाहेर या आणि इतरांना बाहेर बोलवा. डोळ्यांत गेले तर नळाखाली किमान पंधरा मिनिटे धुवा, मगच दवाखान्यात जा आणि हा कागद बरोबर न्या."

एवढे वाचायला दोन मिनिटे लागत नाहीत. यातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तो कागद रुग्णाबरोबर आला, तर "काम कशावर करता?" या प्रश्नाचे उत्तर त्याला तोंडी देण्याची गरजच राहणार नाही आणि उपचार अंदाजाने सुरू करावे लागणार नाहीत. युरोपने हे काम कायद्याच्या धाकाने करून घेतले. आपल्या संस्थेत डॉक्टर आहेत आणि समाजात मिलचे कामगार, पर्यवेक्षक, रसायनांचे व्यापारी व शिक्षकही आहेत. सर्वांनी मनावर घेतले, तर पहिले पत्रक पुढील स्मरणिकेपूर्वी मिलच्या भिंतीवर लागू शकेल.