पाटाचे पाणी आणि अँटेनांची रांग

कोडोलीच्या उसात पाणी सोडले, की जवळची सरी आधी भिजते, टोकाची नंतर. सर्व सऱ्यांना एकाच क्षणी पाणी हवे असेल तर? पाटाचे दोन फाटे करा, त्यांचे पुन्हा दोन दोन. प्रत्येक वाट मात्र सारख्या लांबीची हवी.

अनेक अँटेनांची रांग एकच अँटेना म्हणून वापरताना हेच करतात. फक्त प्रवाह उलटा, सऱ्यांकडून पाटाकडे! समोरून आलेल्या रेडिओलहरीला सारख्या तारा पुरतात. पण लहर तिरकी आली आणि दुसऱ्या अँटेनापर्यंत तिला १ मीटर जास्त जावे लागले, तर? तरंगलांबी २ मीटर असल्यास एकीचे शिखर दुसरीच्या दरीवर पडते आणि बेरीज शून्य होते. एक लहर अर्ध्या तरंगाने सरकवली, की काम भागते. आता १ मीटर तरंगलांबीची लहर घ्या. तिच्यात फरक पूर्ण तरंगाचा, म्हणजे चूक नव्हतीच. आपली दुरुस्तीच तिला बिघडवते!

म्हणून विस्तृत पट्ट्यासाठी तरंग सरकवत नाहीत, वेळ देतात. लहर आधी मिळालेल्या अँटेनाची तार वाढवा. तारेतील वेग प्रकाशाच्या दोन-तृतीयांश धरल्यास सुमारे ६७ सेंटीमीटर तार पुरते, तरंगलांबी कोणतीही असो.

पुणे जिल्ह्यात खोडदजवळच्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरांत पसरल्या आहेत. एवढ्या तारांची वेटोळी कोण सांभाळणार? तेथे संकेत प्रकाशतंतूंतून येतात, त्यांचे आकडे होतात आणि ते स्मृतीत किंचित थांबवून हा उशीर साधतात.