टोमॅटोची रोपे का कोलमडतात?

मुंबईतील कॉटन ग्रीन हे नाव कापसाच्या बाजारावरून आले. तेथील चाळकऱ्यास जमीन नाही. तरी रोज ५-६ तास ऊन येणाऱ्या गॅलरीत त्यास टोमॅटो बियांपासून वाढविता येतो. नवशिक्याचा पहिला अनुभव मात्र पुष्कळदा निराशेचा असतो. बी आठवडाभरात उगवते. मग एके सकाळी कोवळी रोपे बुडाशी पिचून आडवी पडतात. पाणी कमी पडले असे समजून तो आणखी पाणी घालतो व उरलेली रोपेही गमावतो.

हा दोष बियाण्याचा नसून ‘रोप कोलमडणे’ या बुरशीजन्य रोगाचा होय. दाट पेरणी व साचलेले पाणी यांमुळे तो बळावतो. म्हणून :

१. खोक्याच्या तळास भोके पाडावीत. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समभाग घ्यावे.

२. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बी सुमारे १ सेंटिमीटर खोल व विरळ पेरावे.

३. वरची माती बोटास कोरडी लागली तरच सकाळी झारीने पाणी द्यावे.

४. सुमारे ४ आठवड्यांनी, ४-५ पाने आल्यावर, रोपे सायंकाळी कुंडीत लावावीत.

कोलमडलेल्या रोपांची माती पुन्हा पेरणीस वापरू नये. एवढी काळजी घेतल्यास दुसरी पेरणी सहसा वाया जात नाही.