कोऱ्या भिंतीची राखण

घर बांधून झाले. भिंतीला गिलावा झाला. पण रंगाला पैसा उरला नाही. अशी घरे आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव दिसतात. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतून कित्येकांची घरकुले झाली. हप्ता येतो तो विटा, रेती, सिमेंटात जातो. भिंत कोरीच राहते.

दुसरीकडे मातीची जुनी घरे आहेत. तिथल्या भिंती घरच्या बायांनी हाताने लिंपलेल्या असतात. मातीचा रंग डोळ्यांना बरा वाटतो. पण टेकून बसले की पाठीला माती लागते. पोरे नखाने भिंत कोरतात.

दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच. कोऱ्या भिंतीवर काय लावावे, म्हणजे ती टिकेल आणि शोभेलही?

दुकानदार म्हणतो, "भाऊ, हा चकचकीत रंग घ्या. पाण्याचा थेंब आत जाणार नाही." ऐकायला गोड वाटते. पण पाणी येते कुठून, हे आधी पाहिले पाहिजे.

दिव्याची वात पाहा. तेल खाली असते, पण वात ते वर ओढते. भिंतही तशीच आहे. ती पायातली ओल वर ओढते. ही ओल गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत चढते. भिंतीवर हवा लागली की ओल उडून जाते. बाहेरून चकचकीत रंगाचा थर दिला, तर ओलीची वाट बंद होते. मग ती आतच साचते, आणखी वर चढते. तिच्याबरोबर जमिनीतला क्षारही येतो. तो रंगाच्या मागे जमतो आणि रंगाला ढकलतो. रंगाचे पापुद्रे सुटतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो.

पापुद्रे सुटले तर पैसा गेला, एवढेच. मातीच्या भिंतीचे मात्र तसे नाही. ती आतून भिजून मऊ होते. वरून रंग छान दिसतो, म्हणून कोणाला कळत नाही. मग पावसाळ्यात एखाद्या रात्री भिंत खाली बसते. भिंत पडून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करतात, तेही असेच फसवे काम. सिमेंट कडक, माती मऊ. दोघांचे जमत नाही. मध्ये फट पडते, फटीत पाणी शिरते, आणि ते बाहेर निघत नाही.

तेव्हा पहिले काम रंगाचे नव्हे, पाण्याचे. वळचण पुढे काढा. पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडू द्या. ओट्याला बाहेरच्या बाजूने उतार द्या. न्हाणीचे पाणी नालीने दूर न्या. भिंतीला टेकवून माती, शेणखत रचू नका.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा शहरात आणि काठच्या गावांत घराघरांत पाणी शिरले. अशी भिजलेली भिंत वरून लवकर सुकलेली दिसते, पण आत महिनोन्‌महिने ओल राहते. ओळखायची एक सोपी रीत आहे. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. कागदाच्या आत दव जमले असेल, तर भिंत अजून ओली आहे.

आता एक मोठे उदाहरण सांगतो. अजिंठ्याची लेणी तुम्ही ऐकली असतील. तिथली चित्रे दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा आहे. त्या मातीत धानाचे तूस आणि झाडपाल्याचे धागे मिसळले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर चित्र. म्हणजे आपल्या बाया भिंतीसाठी जो गारा करतात, त्याचाच तो भाऊ! त्यातली पुष्कळ चित्रे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत.

पुढे गिलावा सुटू लागला. अजिंठा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला. ते काम उपयोगी पडले. पण चित्रे राखावीत म्हणून त्यांनी वरून लाखेचे रोगण दिले. पळसावर, कुसुमावर किडे जी लाख करतात, तीच ही लाख. पहिल्यांदा रंग उजळले. पुढे रोगण पिवळे पडले, काळवंडले, आणि खालचे चित्र मंद झाले. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते रोगण कापसाच्या बोळ्यांनी हळूहळू काढावे लागले. हेतू चांगला होता, माणसे जाणती होती, तरी असे झाले. म्हणून भिंतीवर जे लावाल ते पुन्हा काढता येईल, किंवा त्यावरच नवा हात देता येईल, असेच असावे.

असे साधन म्हणजे चुना. चुन्याचा दगड भाजला की कळीचा चुना होतो. पाणी घातले की तो विरतो. भिंतीवर लावला की हवेतला कर्बवायू घेऊन तो पुन्हा दगड बनतो. वरची धूळ बांधली जाते, पण ओलीची वाट उघडी राहते.

एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी घ्यावे. पिंप लोखंडी असावे, प्लास्टिकचे नको, कारण चुना विरताना उकळतो. पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा. पोरांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जातो. उडालाच तर लगेच स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि थेट दवाखाना गाठावा. घरगुती उपाय करत बसू नये.

एक रात्र चुना भिजू द्या. जाड फडक्यातून गाळा. कोमट पाण्यात विरघळवलेला डिंक किंवा भाताची पेज त्यात घाला, म्हणजे चुना कपड्याला लागत नाही. रंग हवा असेल तर गेरू किंवा पिवळी माती घाला. सुकल्यावर रंग फिका होतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून पाहा.

भिंत झाडून घ्या, पाणी शिंपडा, मग कुंचा चालवा. चुना दुधासारखा पातळ हवा. इथेच लोक घाई करतात. ओला चुना पांढरा दिसत नाही, म्हणून घट्ट थर थापतात. तो थर पुढे गळतो. पातळ लावा, उद्या पाहा, पांढरा दिसेल. असे तीन हात द्या, एक उभा तर दुसरा आडवा. भर उन्हात लावू नका. सिमेंटचा गिलावा नवा असेल, तर आधी किमान 7 दिवस त्यावर पाणी मारा. चुना त्यानंतर.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मला मातीचाच रंग ठेवायचा आहे." ठेवा की! दाराची कड, कोनाडा, पाठ टेकायची जागा, एवढ्यापुरते जवसाचे तेल लावा. धानाच्या मागे उतेऱ्यात जवस आपण पेरतोच. हे तेल हवेने सुकून कडक होते. रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल लवकर सुकते, पण ते खायचे नव्हे. भिंत पूर्ण कोरडी हवी. फडक्याने पातळ हात द्या, सुकू द्या, मग दुसरा. भिंतीच्या पायथ्याला तेल मुळीच लावू नका. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

पायथ्याशी गेरूच्या चुन्याचा हातभर पट्टा द्यावा. शोभतोही, आणि पाण्याचे शिंतोडे तोच झेलतो. दरवर्षी तेवढाच पट्टा नवा केला की काम भागते. तिथे लोणा दिसला तर कोरड्या खराट्याने झाडा. पाण्याने धुऊ नका, कारण क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातो. झाडलेला लोणा सुपात भरून दूर टाका आणि पट्ट्यावर चुन्याचा नवा हात द्या.